सहा मिनिटांचं अंतर

धाराशिवची धावपट्टी आणि लातूरचा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही अंतर नाही. ताशी पाचशे किलोमीटर वेगाचं एटीआर विमान ते सहा मिनिटांत कापेल. चढणं-उतरणं धरलं तरी पाव तास पुरे. हा हिशोब मात्र कागदावरच राहतो, कारण या दोन्ही ठिकाणांना जोडणारं नियमित विमान नाही. माणसं एसटीने नाहीतर रेल्वेने जातात. या मुलखात अंतर कमी झालं ते वेगामुळे कमी आणि वाट कोणाच्या दारावरून गेली यामुळे जास्त. त्याचा पुरावा रुळांवर आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-सोलापूर लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीची पेठ बाजूला पडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली, ती १८९७ मध्ये सुरू झाली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च आवाक्यात राहिला. (आपला मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून गेल्यावर हाच माणूस वैमानिकांसाठी पॅराशूट घडवायला लागला.) ही गाडी येडशी, तडवळे, ढोकी करत १९११ मध्ये लातूरला पोचली. निजामाच्या राज्यातलं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हे जिल्ह्याचं ठाणं मात्र वगळलं गेलं. गाडी दारापासून वीसेक किलोमीटरवरून जायची आणि गावाने येडशी गाठायची, असं जवळजवळ शतकभर चाललं. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठे २००० नंतरच्या दशकात शहराला स्वतःचं स्टेशन मिळालं.

यावर कोणी म्हणेल, विमानाला रूळ लागत नाहीत, मग रेल्वेचा दाखला कशाला? रूळ लागत नाहीत हे खरं, पण प्रवासी, इंधन, अग्निशमन आणि धावपट्टीपर्यंतचा रस्ता लागतोच. पन्नास किलोमीटरच्या उड्डाणासाठी आधी तासभर येऊन बसायचं आणि उतरल्यावर पुन्हा गाडी शोधायची, यात सहा मिनिटांचा फायदा उरत नाही. लातूरची धावपट्टी सुमारे २३०० मीटरची, धाराशिवची तिच्यापेक्षा बरीच आखूड. २००९ मध्ये राज्याने या दोन्हींसह पाच विमानतळ ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे दिले, तरी धाराशिवला नियमित सेवा आली नाही. करार बदलल्याने प्रवासी निर्माण होत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अत्यवस्थ रुग्णाला हलवायला किंवा भूकंपासारख्या संकटात धावपट्टी हवीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोहारा-उमरगा भागाने काय सोसलं, हे ठाऊक असताना तिला निरुपयोगी कोण म्हणेल? ती दुरुस्त आणि वापरायोग्य ठेवलीच पाहिजे. पण संकटासाठी राखलेली पट्टी वेगळी आणि रोजच्या माणसाची वाट वेगळी. रोजची वाट तुळजापूरवरून सोलापूरला जाते. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्यांना आजही शेवटचा टप्पा रस्त्यानेच गाठावा लागतो. मंजूर झालेला सुमारे ८४ किलोमीटरचा सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग आधी पुरा करा. विमानाची मागणी त्यानंतर करू.