आधी टाळी, मग गाणे
वर्ध्याच्या सामुदायिक नादाकडे जाताना

वर्धा जिल्हा म्हटला की कापूस, खादी आणि बापूकुटी आठवते. या साऱ्या पाहण्याच्या गोष्टी. कानांनी ओळखायचा वर्धा मात्र पाहुण्यांच्या नजरेतून बहुधा निसटतो. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांचे एकेकाळचे भोंगे, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, खंजिरीवरची भजने, विहारातली वंदना आणि आश्रमातली मूक मिनिटे यांचा मिळून एक वेगळाच नकाशा होतो. वाचकांनी तो उलगडून पाहावा, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

'समुदायाबरोबर संगीत आणि नादकला घडवणे' असे या क्षेत्राचे नाव ऐकले की ते कुठल्या तरी परदेशी विद्यापीठातून आले असावे असे वाटते. नाव खरेच तिकडचे आहे. कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७० च्या सुमारास व्हँकुव्हरमध्ये सहकाऱ्यांना घेऊन चर्चच्या घंटा, बंदरातले भोंगे, रस्त्यावरचा गलबला यांचा अभ्यास मांडला. पुढे 'साउंडस्केप' हा शब्द जगभर रुळला. शेफर यांचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की गावाने एकत्र बसून आवाज घडवायचा आणि त्यात कुणालाही नुसता श्रोता राहू द्यायचे नाही, ही रीत आमच्याकडे नावावाचून चालत आलेली आहे. तिला कला म्हणायचे आम्हालाच सुचले नाही, एवढेच.

सुरुवात सेवाग्रामपासून करणे सोयीचे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले; हे गाव पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या उघड्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ होणारी सर्वधर्म प्रार्थना आजही सुरू आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती साधी वाटते. पण तिचे धागे मोजून पाहा. संस्कृत श्लोक, कुराणातील आयत, पारशी गाथा, भजन, रामधून आणि या साऱ्यांत एक जपानी मंत्र. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या शिष्यांच्या डफावरचा 'नम् म्यो हो रेंगे क्यो' हा घोष आश्रमाच्या प्रार्थनेत येऊन मिसळला. विदर्भातल्या एका खेड्यात संध्याकाळी जपानी मंत्राने प्रार्थना सुरू होते, याचे आता तिथे कुणाला नवल वाटत नाही. भजनांमागे नारायण मोरेश्वर खरे यांची साबरमती आश्रमातली मेहनत आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या या शिष्याने 'आश्रम भजनावली' संकलित करून दिली ती मैफलीच्या गवयांसाठी नव्हे, गळा नसलेल्या आश्रमवासीयांसाठी.

माझ्या मते प्रार्थनेतला सर्वांत लक्षणीय भाग गाण्याचा नव्हताच. संध्याकाळी हजेरी होई. नाव पुकारले की त्या व्यक्तीने 'ओम' म्हणायचे आणि दिवसभरात काढलेल्या सुताच्या तारांचा आकडा सांगायचा. नाव, ओम, आकडा. पुन्हा नाव, ओम, आकडा. पन्नास माणसे असली तर पन्नास गळे, पन्नास लकबी, आणि प्रत्येकाच्या मागे दिवसभराची चरख्याची घरघर. आजचा एखादा नादकलावंत अशी रचना दालनात मांडेल तर तिचे कौतुक होईल. इथे ती नुसती हजेरी होती. प्रार्थनेतली दोन मिनिटांची शांतताही वाचकांनी विसरू नये. शांततेला एवढा मान देणारी सामुदायिक रचना मला तरी दुसरी ठाऊक नाही.

शिक्षणातही याचे पडसाद उमटले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या बरोबरीने चित्रकला आणि संगीत होते. पुढे शांतिनिकेतनातून आलेले देवीप्रसाद सेवाग्रामच्या मुलांना कला शिकवू लागले. संगीत हा सुट्टीतला विषय नव्हे, हा आग्रह इथल्या मातीत तेव्हाच रुजला होता.

आता वर्धा नदीकडे वळू. पलीकडचा काठ अमरावती जिल्ह्याचा. तिथल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज पुढे मोझरीच्या गुरुकुंजात स्थिरावले. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींकडे महिनाभर राहिले होते. त्यांचे वाद्य खंजिरी. स्वस्त, हलकी, एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायची. शेतमजुरालाही परवडणारी आणि सायकलला अडकवून नेता येणारी. भजनांच्या चाली अशा की पहिल्या कडव्यानंतर धृपद गावच उचलते. ते केवळ भक्तीचे गाणे राहिले नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्याआधी गावोगावच्या भजनांनी मने तापवली होती. सरकारलाही हे कळले असावे. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. 'ग्रामगीते'त सामुदायिक प्रार्थनेला त्यांनी स्वतंत्र अध्याय दिला आहे. वाचकांनी तो धर्मग्रंथ म्हणून जरूर वाचावा, पण गावाला एका स्वरात कसे बसवायचे याची ती पद्धतशीर सूचना आहे, हेही लक्षात घ्यावे.

शेतकऱ्याचा नाद अधिक रांगडा. श्रावण अमावास्येला पोळा भरतो. तोरणाखाली सजवलेल्या बैलांची रांग लागते आणि झडत्यांना तोंड फुटते. झडती ही यमकांनी बांधलेली, वरच्या पट्टीत म्हणायची, टोमणे मारणारी रचना. एकाने म्हटली की दुसऱ्या जोडीच्या धन्याने तिला उत्तर द्यायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. उत्तर आले नाही तर झडती तिथेच पडते. कापसाचा भाव, सावकार, पुढारी, पावसाने दिलेला दगा, सारे तिच्यात येते. म्हणून दरवर्षी ती नव्याने घडवावी लागते. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरे तान्हा पोळा साजरा करतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लांबून माणसे येतात. माझा सल्ला असा की तिथे डोळे थोडे मिटून उभे राहावे.

आंबेडकरी गाण्यांविषयी इथे थोडक्यातच लिहितो. त्या विषयाला स्वतंत्र ग्रंथ हवा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत वंदना आणि भीमगीते यांनी सामुदायिक गायनाला नवा आशय दिला. वामनदादा कर्डकांची गाणी येथल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहेत. एप्रिल महिन्यात एखाद्या वस्तीत संध्याकाळ काढल्याशिवाय वर्ध्याचा नाद कळला असे म्हणू नये.

मग या क्षेत्रात शिरायचे कसे? मी तरुणपणी रेकॉर्डर घेऊनच शिरलो. भजनाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "डबडं ठेव बाजूले, पयले टाळ्या वाजव." टाळी चुकली तेव्हा हसली, जमली तेव्हा पुढे सरकून जागा दिली. त्या रात्री मी काहीच ध्वनिमुद्रित केले नाही. तुम्हीही पहिल्या खेपेला तसेच करावे. टाळ धरता येत नसेल तर झील ओढावी, तेही नसेल तर सतरंजी अंथरायला हात लावावा. तुम्ही कुणाकडे उतरलात आणि कुणाच्या शेजारी बसलात, यावरून गाव तुम्हाला ओळखते.

ध्वनिमुद्रण पुढे करावेच लागते, आणि त्याचा चांगला वस्तुपाठ आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने हा ठेवा २०१७ पासून प्रकाशात आणला. त्यात ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव असते. ही गोष्ट बारीक वाटेल, पण माझ्या दृष्टीने सारे त्यातच आहे. 'लोकगीत' असा शिक्का मारला की गाणे कुणाचेच राहत नाही आणि नंतर ते कुणीही उचलून नेते. नाव लिहिले की परत जाऊन ते ऐकवण्याची जबाबदारी येते. गावातून नेलेला आवाज गावाला परत ऐकवण्याइतका वेळ हाताशी नसेल, तर तो नेऊच नये.

एक अडचणही सांगून ठेवतो. चक्की आली आणि जाते कोपऱ्यात गेले. डीजे आला आणि पोळ्याच्या तोरणाखाली झडतीवाल्याचा आवाज पोचेना. यावर हळहळण्यापेक्षा काय बदलले हे ऐकणे उपयोगाचे. झडत्या मोबाइलवर फिरू लागल्या आहेत आणि त्यांचे यमक अजून सुटलेले नाही.

नवख्या वाचकाला एकच जागा सुचवायची तर मी भुलाबाईचे अंगण सुचवीन. भाद्रपद पौर्णिमेला माहेरी आलेली भुलाबाई कोजागिरीपर्यंत राहते. मुली घरोघर फिरून टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा पुढे येतो. घरची मुलगी तो कानाजवळ धरून हलवते, बाकीच्यांनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचे. मुरमुऱ्याची सळसळ वेगळी, शेंगदाण्याची खडखड वेगळी, आणि शिऱ्याचा डबा गप्पच बसतो. पाहुण्यालाही विचारतात. चुकलात तरी चालेल, पण उत्तर मोठ्याने द्या.