तिकीट पत्राला जोडलं गेलं त्याची गोष्ट

देवळाली कॅम्प म्हणजे वाट बघण्याचं ठिकाण. 19व्या शतकात मायदेशी निघालेले गोरे शिपाई जहाजाच्या प्रतीक्षेत इथं महिनोन्‌महिने पडून असायचे. इंग्रजीतला वेडसर या अर्थाचा ‘डूलॅली’ शब्द त्यातूनच आला.

आता रेल्वे तिकिटाचं बघा. 3 ऑगस्ट 2002 ला आयआरसीटीसीचं इंटरनेट आरक्षण सुरू झालं, पण तिकीट छापून कुरियरनं यायचं. मागणी तारेवरून, कागद पायी! 2005 मध्ये ई-तिकीट आलं.

मुळात ई-मेल साध्या अक्षरांपुरती. 1992 मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ मानक मांडलं. त्यात फाईलचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहितात. आकार तृतीयांशानं फुगतो. फुगू दे, पोचते तर खरी. आणि गंमत म्हणजे असं कागदपत्र आधी कुठं तयार नसतंच. पैसे भरल्यावर सर्व्हर नाव-तारीख साच्यात घालतो, पीडीएफ मेमरीतच बनवतो, डिस्कवर न ठेवताही पत्राला जोडतो.

मग अस्सल कोणतं? तुमची छापील प्रत नव्हे, रेल्वेच्या संगणकातली नोंद. म्हणून तपासनीस ओळखपत्र मागतो. आणि म्हणूनच चार्ट लागताना पूर्ण प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं, पीडीएफ हातात असली तरी. खिडकीवरच्या तिकिटाचं तसं होत नाही. ते स्वतः रद्द करावं लागतं.