शिकारी पक्षी : उडताना ओळख (नाहूर परिसर)

नाहूर हे मध्य रेल्वेवरचे भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले स्थानक. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगली डोंगर, तर पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे, खारफुटी आणि ठाणे खाडी. या खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ आहे. जंगल आणि पाणथळ यांत अंतर थोडे असल्याने सर्पगरुड आणि दलदली भोवत्या एकाच गच्चीवरून दिसू शकतात, आणि केवळ ठिकाणावरून पक्ष्याची जात ठरत नाही. रंगावरूनही ती बहुधा ठरत नाही. येथे अनोळखी शिकारी पक्षी ओळखायचा तर आधी घार नीट माहीत हवी, आणि प्रत्येक पक्षी तिच्याशी ताडून पाहायला हवा.

घार येथे बारमाही आहे आणि कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडमुळे संख्येनेही भरपूर. तिची प्रसिद्ध खूण म्हणजे शेपटीची खाच. पण हीच खूण सर्वांत जास्त फसवते. शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते आणि पिसे झडण्याच्या काळात कडेची पिसे अपुरी असतात. त्यामुळे खाच दिसली तर घार म्हणावे, पण दिसली नाही म्हणून गरुड म्हणू नये. त्यापेक्षा भरवशाची आहे तिची उडण्याची ढब. वळताना शेपटी सुकाणूसारखी सतत पीळ घेते, पंख मनगटाशी वाकलेले असतात आणि तरंगताना त्यांची टोके किंचित खाली झुकतात. भोवत्या मात्र पंख वर उचलून उथळ ‘व्ही’ करतो आणि गवतावरून, पाणथळीवरून कमी उंचीवर फेऱ्या मारतो. सर्पगरुडही पंख उचलून घिरट्या घालतो, पण उंचावर. पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा आणि दूरवर जाणारी शीळ यांमुळे त्याच्याबाबत शंका फारशी राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पुस्तकांतली चित्रे रंगाचीच असतात. प्रौढ ब्राह्मणी घार किंवा कापशी घार रंगावरून ओळखता येते, हे खरेच. पण असे पक्षी मुळात अडवतच नाहीत. अडवतो तो मधुबाज, कारण त्याची पिसे जवळजवळ पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत काहीही असू शकतात. लांब मानेवरचे लहान डोके आणि लांब शेपटी मात्र सगळ्यांत सारखी. बूटेड गरुडाचे गडद रूप घारीसारखेच दिसते. समोरून येताना पंखांच्या मुळाशी दोन पांढरे ठिपके चमकले आणि शेपटीला खाच नसली, तर तो ओळखावा. ब्राह्मणी घारीचे पिल्लू तपकिरी, शेपटी गोल. ते भोवत्या समजले जाते. पंखांची ठेवण पाहिली तर ही चूक टळते.

दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. फोटोत पंखांच्या टोकांची सुटी पिसे मोजता येतात, हा मोठाच फायदा. पण एका फ्रेममध्ये पंख वर असले म्हणजे पक्षी ते तसेच धरून तरंगत होता असे नाही. तो फडफडीचा एक क्षण असू शकतो. आकाराचा अंदाज तर फोटोतही आणि डोळ्यांनाही चुकतो, कारण मोकळ्या आभाळात माप नसते. कावळे पाठलागाला लागले तर ते मिळते. पाणथळीवरचे कावळे हे काम वारंवार करतात, आणि पाहणाऱ्याने त्याचा उपयोग करून घ्यावा.

घारीपासून सुरुवात केली तर दुर्मीळ पक्षी निसटतील, ही भीती रास्त वाटते. पण घार येथे निष्कर्ष नसून मोजपट्टी आहे. तिच्यात न बसणारी गोष्ट उलट लवकर खटकते. ऋतूही जोडीला घ्यावा. दलदली भोवत्या, बूटेड गरुड आणि मोठा ठिपकेदार गरुड हिवाळी पाहुणे आहेत, त्यामुळे जूनमधल्या अशा नोंदीला भक्कम पुरावा लागतो. ठिपकेदार गरुडांच्या दोन जातींत मात्र ही रीतही अपुरी पडते. भारतीय ठिपकेदार गरुडाच्या जबड्याची कड डोळ्याच्या मागपर्यंत जाते. हा फरक बसलेल्या पक्ष्यातच नीट दिसतो. दोन्ही जाती जागतिक यादीत असुरक्षित असल्याने अशा वेळी ‘ठिपकेदार गरुड, जात अनिश्चित’ एवढेच नोंदवावे.