लिंबायतचे उटणे

सुरतेत उधना स्थानकाजवळच्या लिंबायत भागात आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे घराघरांत तेल-उटण्याचा जो सुगंध दरवळतो, तो खानदेशातून आलेला आहे; कारण धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडून यंत्रमागांवर व रंगाई-छपाईच्या कारखान्यांत उदरनिर्वाहासाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपल्या सामानाबरोबर आपले आचारही येथे आणले.

ही वाट मात्र जुनी आहे. मोगल अमदानीत सुरत बंदराहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता नंदुरबारवरून जात असे, आणि १६१५ साली इंग्रजांचा वकील टॉमस रो बादशाही दरबारी निघाला तोही याच मार्गाने. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत अमळनेराशी जोडली गेली, आणि पूर्वी मालाने भरलेल्या गाड्यांची असलेली ही वाट हळूहळू कष्टकऱ्यांची झाली.

उटण्याचा आचार त्याहूनही पुरातन. वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन म्हणजेच उटणे लावणे आणि स्नान असा क्रम सांगितला असून, चरकाने वय स्थिर राखणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला अग्रस्थान दिले आहे. कचोरा, नागरमोथा, वाळा, हळद यांसोबत वाळवलेला आवळा आणि संत्र्याची साल कुटून घालणाऱ्या गृहिणींनी या ग्रंथांचे दाखले पाहिले नसतील. त्यांना हाताचा अनुभव पुरेसा होता.

त्या अनुभवाच्या काही अंशाचा उलगडा विसाव्या शतकात झाला. आवळ्यात व संत्र्यात असणाऱ्या जीवनसत्त्व ‘क’वरील संशोधनासाठी अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८५ साली हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संकल्पना मांडली. ऊन आणि धूर यांमुळे पेशींत प्राणवायूचे अतिक्रियाशील अंश वाढतात, ते पेशीच्या आवरणातील स्निग्धांशावर व प्रथिनांवर घाला घालतात आणि त्यातून दाह उद्भवतो. आवळ्यातील टॅनिने व संत्र्याच्या सालीतील हेस्पेरिडिन हे या अंशांना शांत करतात, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले आहे.

तथापि काचेच्या बशीतील पेशी आणि जिवंत त्वचा यांत अंतर आहे. त्वचेचा बाहेरचा मृत थर अशी द्रव्ये सहजासहजी आत जाऊ देत नाही, आणि उटणे अंगावर राहते ते थोडाच वेळ. शिवाय उटण्यात लिंबाचा कच्चा रस मिसळून लावला आणि उन्हात गेले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. म्हणून उटण्यास औषधाचा मान देणे हे शास्त्राच्या दृष्टीने असत्य ठरेल, आणि परंपरेलाही त्यातून भूषण लाभणार नाही. मळ काढणे, अंगास तजेला आणणे आणि आप्तांच्या हातचा स्पर्श घडविणे, एवढे त्याचे कार्य निर्विवाद आहे. लिंबायतच्या मायभगिनींनी संत्र्याची साल फेकून न देता वाळवावी, उटणे घरी कुटावे, आणि ते का कुटतात हे मुलांना मराठीतच सांगावे.