निकाह-वलीम्याच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर : कोणते पार्ट घ्यावेत, पैसे कुठे वाचवावेत

सांडोर, वसई : आपल्या भागातली बरीच तरुण मुलं आता लग्नाच्या शूटिंगमध्ये उतरली आहेत. आज वलीमा, उद्या सांडोरच्या चर्चमधलं लग्न, परवा शाळेचं गॅदरिंग, असं काम मिळत राहतं. कॅमेरा कसाबसा जमतो. खरी अडचण त्यानंतर येते. घरचा कॉम्प्युटर ती फाइल चालवताना अडखळतो आणि मग नवा जोडायचा विषय निघतो. हा पैसा बहुतेक वेळा अब्बांच्या बचतीतून किंवा अम्मीच्या भिशीतून येतो. तो चुकीच्या पार्टात गेला तर परत मिळत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून काय ठरवायचं, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत.

आधी आपली फाइल ओळखा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “बजेट किती?” त्याआधी तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : माझा कॅमेरा कोणती फाइल देतो? मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिप टाकली की सगळी माहिती दिसते.

साध्या कॅमेऱ्यांची आणि बऱ्याच मोबाइलची फाइल एच.२६४, ८-बिट असते. ती जवळजवळ कुठल्याही बऱ्या कॉम्प्युटरवर चालते. नवे मिररलेस कॅमेरे एच.२६५, १०-बिट, ४:२:२ अशी फाइलही देतात. यात रंग जास्त चांगले टिकतात, पण फाइल फार घट्ट आवळलेली असते. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून टाइमलाइनवर मागेपुढे गेलं की कॉम्प्युटरला दरवेळी ती गाठ सोडवावी लागते. हे काम चिपमधला खास भाग, म्हणजे डिकोडर, करत असेल तर काम सुरळीत चालतं. तो नसेल तर महागडा प्रोसेसरही दमतो.

जुना कॉम्प्युटर असेल तर आधी प्रॉक्सी करून बघा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. कापाकापी नक्कलेवर करायची, शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल जोडून घेतं. प्रीमिअर आणि दाविंची रिझॉल्व्ह, दोन्हींत ही सोय आहे. वर्षाला चार-पाचच कामं असतील तर नवा खर्च करायची गरजच पडणार नाही.

प्रोसेसर : ‘एफ’ अक्षर बघून घ्या

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यात एच.२६५ ४:२:२ सोडवणारा डिकोडर असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. पण नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर ते ग्राफिक्स बंद असतं आणि डिकोडरही जातो. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत खरा फरक हाच. एफ थोडा स्वस्त पडतो, म्हणून दुकानदार तोच सुचवतो. गेम खेळणाऱ्याला तो चालेल, एडिटिंगवाल्याने टाळलेला बरा.

एएमडीचे रायझन प्रोसेसर ताकदीने कमी नाहीत. फोटोशॉप, लाइटरूम आणि साध्या एच.२६४ व्हिडिओला ते छान चालतात. फक्त ४:२:२ चा डिकोडर त्यांच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये नाही. ती फाइल असेल तर त्यांच्यासोबत तसं ग्राफिक्स कार्ड लागेल.

जुना माल घेताना एक सावधगिरी बाळगा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही जोरदार डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने तो मान्य केला, बायोस अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे असा वापरलेला प्रोसेसर बिलाशिवाय घेऊ नका.

ग्राफिक्स कार्ड : लागेल तेव्हाच

रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारणं, नॉइज काढणं ही कामं ग्राफिक्स कार्डवर पडतात. ४के कामाला कार्डावर निदान ८ जीबी मेमरी हवी, १२ असेल तर उत्तम. एनव्हिडियाच्या २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ सोडवण्याची सोय आली, आधीच्या ४० मालिकेत ती नव्हती. इंटेलच्या आर्क कार्डांतही एच.२६५ साठी ती आहे.

फक्त फोटो आणि साधी कापाकापी असेल, तर सुरुवातीला कार्ड न घेताही भागतं. प्रोसेसर ‘एफ’ नसावा, असं आम्ही म्हणतो त्याचं हे दुसरं कारण. कार्ड नंतर कमाईतून बसवता येतं.

रॅम आणि मदरबोर्ड

फोटो आणि फुल एचडीसाठी १६ जीबी, ४के साठी ३२ जीबी रॅम धरा. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्या तर वेग चांगला मिळतो. शक्य असेल तर चार स्लॉटचा बोर्ड घ्या, पुढे वाढवायला जागा राहते. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे बोर्ड घेतानाच तपासा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले आहेत. जुन्या मशीनमधली डीडीआर४ चांगली असेल, तर ती चालेल असा बोर्ड शोधणं फायद्याचं ठरेल.

साठवण : ही लोकांची अमानत आहे

यात काटकसर करू नका. १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने शूट केलं, तर एका तासाला साधारण ४५ जीबी भरते. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले की २७० जीबी झालीच. म्हणून साठवणीचे तीन भाग करा :

- विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी.
- चालू कामासाठी १ किंवा २ टीबीची वेगळी एसएसडी.
- झालेल्या कामासाठी मोठी हार्ड डिस्क, आणि तिची नक्कल दुसऱ्या हार्ड डिस्कवर. ही दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, मामूकडे किंवा बहिणीकडे.

निकाह पुन्हा होत नाही. डिस्क गेली तर पैसे परत करून त्या घरची नुकसानी भरून येत नाही. दोन नकला झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

दुसरी गोष्ट पडद्याची. जनान्याचं शूटिंग तुमच्याकडे विश्वासाने दिलेलं असतं. डिस्कला पासवर्ड लावा, त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मशीन दुरुस्तीला देताना डिस्क काढून घ्या. जुनी डिस्क विकताना फक्त फॉरमॅट करून भागत नाही, त्यातलं बरंच काही परत काढता येतं. डिस्क पूर्ण पुसून द्या, नाहीतर विकूच नका.

एसएमपीएस, यूपीएस आणि आपली हवा

पावसाळ्यात वसईत लाइट जाणं नवं नाही. रेंडर चालू असताना झटका बसला तर फाइल बिघडते, कधी डिस्कही जाते. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ किंवा त्यावरचा घ्या. मध्यम कार्डाला ५५० ते ६५० वॅट पुरतात. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नका : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. चांगले एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसवर बंद पडतात. ‘प्युअर साइन वेव्ह’ असेल तर हा त्रास होत नाही. घरात अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधीच बघून घ्या.

आपल्याकडे समुद्राची दमट, खारट हवा. कॅबिनेटला धुळीची जाळी हवी, मशीन खिडकीजवळ नको. बाजूला ठेवलेल्या हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटचे पैसे वाचवून ते यूपीएसला लावा.

मॉनिटर

आयपीएस पॅनल आणि एसआरजीबी रंग शंभर टक्क्यांच्या जवळ, एवढं तरी हवं. नाहीतर घरी गोरा दिसणारा दूल्हा अल्बममध्ये पिवळा येतो. अल्बम छापणाऱ्या लॅबला कोणत्या रंग-प्रोफाइलची फाइल हवी, ते आधी विचारा.

खरेदी, बिल आणि हप्ता

मुंबईत सुट्या पार्टांचा मोठा बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड, आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. वसई रोडहून चर्चगेट लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि पूर्वेला बाहेर पडायचं. तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि ऑनलाइन भावाशी ताडून बघा. “बिल नको असेल तर कमी करतो” याला भुलू नका. १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी बिलाशिवाय हात रिकामे राहतात. प्रत्येक पार्टाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल आपल्या घरांत नेहमी प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. बहुतेक योजनांत व्याज लावलेलं असतं आणि तेवढी सूट दाखवून ते झाकलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी पडतो तो वेगळा. कागद नीट वाचा आणि शंका असेल तर आपल्या आलिमांना तोच कागद दाखवून विचारा.

चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यातून व्हायरस येतो, आणि हलाल कमाईची सुरुवात तशी करायची गरजही नाही. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ६० फ्रेमपर्यंत ४के अल्ट्रा एचडी फाइल काढून देते. मात्र एच.२६५ १०-बिट ४:२:२ च्या बाबतीत तिला मर्यादा आहेत, म्हणून आपलीच क्लिप तिच्यात आधी चालवून बघा. पैसे भरून घ्यायची स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची असते, तिला महिन्याचं भाडं नाही. फोटोंसाठी डार्कटेबल आणि गिम्प फुकट आहेत.

टप्प्याने घ्या, कर्ज टाळा

१. पहिल्यांदा : अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, बरा बोर्ड, जमेल तेवढी रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस.
२. पहिल्या कामांच्या पैशांतून : दोन हार्ड डिस्क आणि यूपीएस. तोवर चालू कामाची नक्कल घरातल्या कुठल्याही दुसऱ्या डिस्कवर ठेवाच.
३. त्यानंतर : चांगला मॉनिटर.
४. काम वाढलं आणि रेंडरला रात्री जायला लागल्या, की ग्राफिक्स कार्ड.

या क्रमाने गेलात तर मशीन कामाच्या मागोमाग मोठं होतं. सीझन मंदावला, रमजानचा महिना आला, तरी डोक्यावर हप्ता राहत नाही. सुरुवात लहान असली तरी हरकत नाही, इन्शाअल्लाह बरकत होईल.