दिलेला शब्द, घेतलेली जमीन

शाळेत आम्ही अमेरिकेचा इतिहास शिकलो, तो चार पानांत संपत असे. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या गेल्या, १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, वॉशिंग्टन अध्यक्ष झाले आणि मग एकदम लिंकन. अटलांटिकच्या किनाऱ्यावरची तेरा राज्ये थेट पॅसिफिकपर्यंत कशी पोचली, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. जमीन ओसाड पडली होती, माणसे गेली आणि वसली, अशीच काहीशी समजूत मनात राहिली.

जमीन ओसाड नव्हती. तिच्यावर माणसे होती, त्यांची गावे होती, मक्याची शेते होती. आणि ती घेणाऱ्यांच्या हातात नुसती बंदूक नव्हती, कागदही होता. त्या कागदाची हकीकत आपण नीट समजून घेतली पाहिजे.

१७८३ च्या पॅरिस तहाने इंग्लंडने मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राच्या हवाली केला. त्या मुलखात राहणाऱ्या शॉनी, मायामी, डेलावेर या लोकांना तहाच्या बैठकीला कोणी बोलावले नव्हते. पुढे १३ जुलै १७८७ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी 'नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स' हा कायदा केला. हा कायदा खरोखर दूरदृष्टीचा होता, हे आधी कबूल करू. स्वतः वसाहत म्हणून जाच सोसलेल्या राष्ट्राने नव्या मुलखाला आपली वसाहत करायचे नाही, असे ठरवले. सुरुवातीला एक गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश कारभार पाहतील. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की लोकांनी निवडलेली सभा येईल. साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की तो प्रदेश जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघराज्यात दाखल होईल. धर्मस्वातंत्र्याची हमी मिळाली, गुलामगिरीला बंदी झाली, शिक्षणाला उत्तेजन देण्याचे कलम आले.

त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मूळ रहिवाशांनाही शब्द दिलेला आहे. त्यांच्याशी नेहमी पूर्ण सद्भावाने वागले जाईल, त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय कधीही घेतली जाणार नाही. अपवाद एकच, काँग्रेसने मंजूर केलेले न्याय्य आणि कायदेशीर युद्ध.

आता हा कायदा पुन्हा वाचून पाहा. ज्यांची जमीन घेणार नाही असे वचन दिले, त्यांच्याच जमिनीवर तीन ते पाच राज्ये उभी करण्याचा नकाशा त्याच कागदात आहे. वचन आणि ते मोडण्याचा आराखडा एकाच दिवशी मंजूर झाले. पुढे युद्धही झाले. १७९१ मध्ये मूळ रहिवाशांच्या फौजेने गव्हर्नर सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा दारुण पराभव केला, सहाशेहून अधिक सैनिक पडले. १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत पारडे फिरले. १७९५ च्या ग्रीनव्हिल करारात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग गेला आणि १८०३ मध्ये ओहायो राज्य झाले.

कोणी म्हणेल, लढाईत हरले म्हणून जमीन गेली. मग चेरोकी लोकांचे काय? त्यांनी शस्त्र बाजूला ठेवून कायद्याची वाट धरली होती. सेक्वोया नावाच्या त्यांच्यातल्याच एका माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने हे केले आणि थोड्याच वर्षांत हजारो लोक आपली भाषा वाचू लागले. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र काढले. अमेरिकन लोक 'सुधारणा' म्हणून जे जे सांगत, ते सारे त्यांनी करून दाखवले. गुलाम ठेवण्याची वाईट चालही त्यांच्यातील श्रीमंतांनी उचलली, हेही लपवून चालणार नाही.

जॉर्जिया राज्याला मात्र त्यांची घटना नको होती, जमीन हवी होती. त्यात १८२९ मध्ये तिथे सोने सापडले. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. म्हणजे विरोध करणारे अमेरिकनही थोडेथोडके नव्हते. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत. चेरोकी खटला जिंकले, पण जमीन वाचली नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत.

मग सरकारने संमतीही मिळवली. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटा येथे मूठभर चेरोकींनी करारावर सह्या केल्या. निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस त्यात नव्हते. हा करार आमचा नाही, असे सांगणारा हजारो सह्यांचा अर्ज काँग्रेसपुढे गेला, तरी सिनेटने एका मताच्या फरकाने करार कायम केला. १८३८ मध्ये सैन्याने सुमारे सोळा हजार माणसांना घरांतून काढले. थंडी, उपासमार आणि रोगराईत अंदाजे चार हजार माणसे मेली. ती वाट आज 'अश्रूंची वाट' म्हणून ओळखली जाते.

त्या करारातही एक वचन होते. पश्चिमेकडे मिळणारी जमीन चेरोकींच्या संमतीशिवाय कधीही कोणत्याही राज्याच्या हद्दीत घेतली जाणार नाही. १९०५ मध्ये चेरोकी आणि शेजारच्या जमातींनी स्वतःच्या राज्याची घटना तयार केली, त्याला 'सेक्वोया' हे नाव दिले. १७८७ च्या कायद्याने जो रस्ता दाखवला होता, त्याच रस्त्याने ते बरोबरीचे स्थान मागत होते. काँग्रेसने दाद दिली नाही. १९०७ मध्ये ती जमीन ओक्लाहोमा राज्यात गेली.

बरोबरीची वाट सर्वांना सारखी नव्हती, याचा दुसरा दाखला न्यू मेक्सिकोचा. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा विशाल प्रदेश अमेरिकेकडे आला. सोने सापडलेला कॅलिफोर्निया दोनच वर्षांत राज्य झाला. न्यू मेक्सिकोची लोकसंख्या तेव्हाच साठ हजारांच्या घरात होती, पण बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे आणि कॅथलिक. त्यांना १९१२ पर्यंत थांबावे लागले, चौसष्ट वर्षे!

मग कागदाला काहीच किंमत नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की क्रीक लोकांना करारांनी दिलेले राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्द केलेच नाही, म्हणून ते आजही कायम आहे. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयाने हेच चेरोकींनाही लागू केले. २०२२ च्या दुसऱ्या निकालाने राज्याचे काही अधिकार पुन्हा मान्य झाले, तरी मूळ गोष्ट उरली. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द कागदावर होता म्हणून त्याचा जाब विचारता आला.

ही कसोटी पीडितांनाही चुकत नाही. १८६६ च्या करारात चेरोकींनी आपल्या मुक्त गुलामांना बरोबरीचा हक्क मान्य केला होता. २००७ मध्ये त्यांच्याच वंशजांना नागरिकत्वातून काढण्याचा कौल चेरोकींनी दिला. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना १८६६ च्या शब्दाची आठवण करून दिली आणि २०२१ मध्ये चेरोकी न्यायालयाने 'रक्ताने' हा शब्द आपल्या घटनेतून काढून टाकला.

कोणत्याही राज्याचा मोठेपणा त्याच्या नकाशावरून मोजायची सवय आपल्याला लागली आहे. दुबळ्याला दिलेला शब्द त्याने किती पाळला, हे माप लावले तर इतिहासाची पुष्कळ पाने नव्याने वाचावी लागतील. आणि आपल्या हाती असलेला कागद दुबळ्यांनी जपून ठेवला पाहिजे. तो वाचणारा न्यायाधीश कधी येईल, हे सांगता येत नाही.