घंटा आणि टपालवाला



चर्चची घंटा एकदाच वाजते आणि साऱ्या गावाला ऐकू जाते. ऐकणारे शंभर असोत वा हजार, घंटेला अधिक श्रम पडत नाहीत. टपालवाल्याचे तसे नाही. जितकी घरे, तितक्या त्याच्या फेऱ्या. प्रक्षेपण आणि दूरध्वनी यांतील भेद नेमका हाच होय. मोबाईलवरील दूरचित्रवाणीचा इतिहास लहानसा असला, तरी त्यात या दोन पद्धतींची स्पर्धा स्पष्ट दिसते.

१ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने तिसऱ्या पिढीची मोबाईल सेवा सुरू केली आणि बोलणाऱ्याचा चेहराही फोनवर दिसू लागला. परंतु एकाच मनोऱ्याखालील पुष्कळ लोक एकाच वेळी चलच्चित्रे मागू लागले, तर त्या सेवेची शक्ती अपुरी पडे. म्हणून तज्ज्ञांनी घंटेची वाट धरली. फोनमध्येच दूरचित्रवाणीचे ग्राहक-यंत्र बसवावे आणि कार्यक्रम सर्वांसाठी एकदाच प्रक्षेपित करावा, अशी ती योजना होती.

डिसेंबर २००५ मध्ये दक्षिण कोरियात अशी विनामूल्य सेवा सुरू झाली. १ एप्रिल २००६ रोजी जपानने तिचे अनुकरण केले. तेथे प्रत्येक वाहिनीच्या लहरींचे तेरा भाग पाडून त्यांतील एक मोबाईलसाठी राखण्यात आला; 'वन-सेग' हे नाव त्यावरूनच पडले. त्याच वर्षी इटलीत, तर २००७ साली अमेरिकेत 'मीडियाफ्लो' या नावाने, शुल्क घेणाऱ्या सेवा निघाल्या.

त्यांचा उत्कर्ष मात्र अल्पकाळच टिकला. निराळे यंत्र, निराळे मनोरे आणि वर मासिक वर्गणी. शिवाय जे चालू असेल तेच पाहावयाचे! २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये असे ग्राहक-यंत्र नव्हतेच. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो येथे चौथ्या पिढीची सेवा अवतरली आणि टपालवाल्याच्या पायांना जणू चाके लाभली. मीडियाफ्लो बंद पडली. तिच्या लहरींचा पट्टा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने १९२ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतला. घंटेची जागा टपालवाल्याकडे गेली, ती अशी. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि चलच्चित्रे सामान्य माणसाच्या तळहातावर आली.

मग घंटा निरुपयोगी ठरली काय? ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. लक्षावधी लोकांनी एकाच वेळी आप्तांना फोन लावले आणि दूरध्वनीचे मार्ग तुंबले. त्या घडीला अनेकांना हातातील वन-सेगवरच बातम्या मिळाल्या. कारण पाहणारे कितीही वाढले, तरी प्रक्षेपणाला गर्दीची बाधा होत नाही. अमेरिकेतील सेवा बंद झाली ती त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, २७ मार्चला!

त्या अनुभवाचे मोल आता पुन्हा ओळखले जात आहे. प्रसार भारती आणि कानपूरची आय. आय. टी. यांनी थेट मोबाईलवर प्रक्षेपण करण्याच्या कामी हातमिळवणी केली आणि २०२३ साली दिल्ली, नोएडा व बंगळुरू येथे अशा प्रक्षेपणाच्या चाचण्याही झाल्या. टपालवाला आपल्याला हवे ते आणून देतो, ही त्याची थोरवी खरीच. तथापि संकटाच्या रात्री साऱ्या गावाला एकाच क्षणी जागे करावयाचे असते, आणि ज्याचा रिचार्ज संपला आहे, तोही त्याच गावात राहत असतो.